शब्दचर्चा : 'एमा'च्या उपशीर्षकांत कोण कोणाला 'तू' म्हणेल?

नौपाडा : ठाण्यातल्या वाचनगटासाठी २०२० सालच्या 'एमा'ची मराठी उपशीर्षकं चालू आहेत. दिग्दर्शन ऑटम डी वाइल्ड यांचं, मूळ कादंबरी जेन ऑस्टेनची, डिसेंबर १८१५ ची. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'; इथे दर वाक्याला तू की तुम्ही हे ठरवावं लागतंय. शिवाय 'ड्राफ्ट', 'ग्रुएल' आणि 'नॅचरल डॉटर' अडलेत. शेवटच्याला कच्च्या खर्ड्यात 'नैसर्गिक कन्या' आहे.

वाशी : 'नैसर्गिक कन्या' आधी काढा. अर्थ आहे लग्नाबाहेर झालेली मुलगी; इथे ती एमाची मैत्रीण हॅरिएट. 'अनौरस' बरोबर, पण कोर्टकचेरीचा शब्द. संवादात जड होतो. 'हिचा बाप कोण, कुणाला ठाऊक नाही' असं करा. त्या रिकाम्या जागी एमा एखादा खानदानी गृहस्थ कल्पून बसते आणि कादंबरीत शेवटी निघतो व्यापारी, म्हणजे गंमतही तिथेच आहे.

कोपरी : 'ड्राफ्ट' म्हणजे दारं-खिडक्यांतून आत येणारं वारं, त्याला 'झुळूक' अजिबात नको. ठाण्याच्या मे महिन्यात झुळूक म्हटली की माणूस खुर्ची तिकडे ओढेल. एमाचे वडील मिस्टर वुडहाउस मात्र तिच्या भीतीने भोवती आडपडदे उभे करवतात. विनोद उलटा पडतो. 'वारं लागेल' लिहा. कान बांधायला लावणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा सूर त्यात आपसूक येतो. 'ग्रुएल' म्हणजे 'पेज'. तिकडे ती तांदळाची नसते, पण आजाऱ्याचं पातळ खाणं हा अर्थ नेमका पोचतो. 'लापशी'त तूप-गूळ डोकावतो.

नौपाडा : आणि पाद्र्याची नवी बायको मिसेस एल्टन सारखी मिरवते ती 'बारूश-लॅन्डो' घोडागाडी? 'व्हिक्टोरिया' म्हटलं तर मुंबईकराला लगेच कळेल.

वाशी : कळेल, पण व्हिक्टोरिया राणी गादीवर आली १८३७ साली. तिच्या नावाची गाडी या गोष्टीत कशी धावणार? मूळ नावच ठेवा. ते भारदस्त नाव पुन्हा पुन्हा उच्चारणं हीच तर तिची बढाई.

विष्णूनगर : आता तू-तुम्ही. खरं काम इथे आहे. इंग्रजीत 'यू' एकच असला तरी हाक मारण्यात सगळी उतरंड आहे, ती बघून ठरवा. घरोब्यातला शेजारी नाईटली तिला 'एमा' म्हणतो, सोळा वर्षांनी मोठा आहे, लहानपणापासून बघतोय : तू. ती त्याला 'मिस्टर नाईटली' म्हणते : तुम्ही. हॅरिएट एमाला तुम्ही, एमा हॅरिएटला तू. वडिलांना तुम्ही, आज घरोघरी 'बाबा, तू' चालतं, पण तो सूर या घरात शोभणार नाही. मिसेस एल्टन नवखी असून नुसतं 'नाईटली' म्हणते आणि एमा संतापते. मराठीत 'नाईटली' वाचून कुणालाच काही खुपणार नाही. तिथे क्रियापद एकेरी करा : 'नाईटली कुठाय? आला का?' बाकी सगळे 'आले का' म्हणत असतील तरच हे बोचेल. म्हणून पहिल्या प्रसंगापासून आदरार्थी रूप सांभाळा; मध्ये एकदा जरी घसरलात तरी हा विनोद गेला.

बॉक्स हिल टेकडीवरच्या सहलीत याच्या उलट. फ्रँक चर्चिलचा खेळ असा : एक फार चतुर गोष्ट सांगा, नाहीतर दोन बऱ्या, नाहीतर तीन अगदी रटाळ. सारख्या बडबडणाऱ्या मिस बेट्स म्हणतात, तीन रटाळ तर मला सहज जमतील. त्यावर एमाचा घाव आदरानेच यायला हवा : 'अडचण एवढीच, की तुम्हाला एका वेळी तीनच सांगता येतील.' पुढे उद्गारचिन्ह देऊ नका. मग नाईटलीचं 'हे बरं नाही केलंस, एमा', इथे 'तू'चा हक्क वसूल होतो.

कोपरी : लग्न ठरल्यावर एमाने नाईटलीला 'तू' म्हणायला काय हरकत? आजच्या प्रेक्षकाला ते जवळचं वाटेल.

विष्णूनगर : हरकत आहे. कादंबरीत तीच सांगते की मिस्टर नाईटलीशिवाय दुसरं काही तोंडी येणार नाही. नाव एकदाच घेईन, कुठे ते ओळखा. जागा अर्थातच लग्नाचं चर्च. 'नाव घेईन' एवढं लिहिलं की मराठी वाचकाला उखाणा आठवणारच, टीप नको. हा संवाद चित्रपटात असेल तरच लिहा, मजकूर आवडला म्हणून घुसडायचा नाही.

कळवा : तांत्रिक बाजू. एका वेळी दोनच ओळी, ओळीत ३५ ते ४० अक्षरचिन्हं. 'तुम्हाला'त 'तुला'पेक्षा जागा जास्त जाते, त्यामुळे आदरार्थी वाक्यं आधी लिहा आणि मग कापा; सर्वनाम गाळून 'सांगता येतील' एवढ्यानेही आदर राहतो. उपशीर्षकांची एसआरटी फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतामध्येच साठवा, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हं येतात. मराठी कीबोर्ड चालू ठेवून वेळा टाइप केल्या तर आकडे देवनागरी पडतात आणि प्लेअर ती ओळ वाचत नाही. वेळेचे आकडे इंग्रजीच (0 ते 9) हवेत, सेकंदानंतर स्वल्पविराम. सुरुवात जुळूनही तासाभराने ओळी अडीच मिनिटं पुढेमागे होत असतील, तर फाइल सेकंदाला २५ फ्रेमची (चित्रांची) आणि चित्रपट २४ चा, किंवा उलटं. अशा वेळी सगळ्या वेळा नुसत्या सरकवून भागत नाही, त्या प्रमाणात ताणाव्या किंवा आवळाव्या लागतात.