तान्ह्या बाळांच्या हार्ट सर्जरीत गोठण्यावर नजर कशी ठेवता? सल्ला हवा

नवी_भूलतज्ज्ञ: नमस्कार. मोठ्यांच्या कार्डिअॅक थिएटरमधून आता मुलांच्या केसेसकडे आले आहे. तिकडे हिशेब सरळ होता. हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) देऊन एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, ४८० सेकंदांच्या वर गेला की पंपावर (हार्ट-लंग मशीनवर) जायचं, शेवटी प्रोटामीन, म्हणजे हेपरिनचा उतारा, देऊन तो मूळ आकड्यावर आणायचा. तान्ह्यांमध्ये आकडा छान येतो आणि छाती तरीही रक्ताने ओलीच. टेग किंवा रोटेम (गुठळी कशी बनते याचा आलेख काढणारं मशीन) घ्यायचं चाललंय. कुठलं घ्यावं, आणि केव्हा लावावं?

पंपावरची: मशीनचं नंतर बघू, आधी एसीटीवरचा विश्वास थोडा कमी कर. ३ किलोच्या बाळाच्या अंगात रक्त जेमतेम २५० मिली. सर्किट (पंपाच्या नळ्या) कितीही छोटं घे, प्राइम (त्यात आधी भरलेला द्रव) त्या रक्ताच्या तुलनेत मोठंच ठरतं. प्राइममध्ये लाल पेशी घातल्यास हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) सावरतो, गुठळी बनवणारं प्रथिन फायब्रिनोजेन आणि प्लेटलेट मात्र पातळ होतातच. वर अंग थंड केलेलं. या सगळ्याने एसीटी लांबतो, हेपरिन तेवढं नसलं तरी! आकड्यावर विसंबून पुढचा डोस टाळला की सर्किटमध्ये थ्रॉम्बिन (गुठळी घडवणारं एन्झाइम) बनत राहतं, गोठण्याचे घटक खर्ची पडतात आणि पंपावरून उतरल्यावर रक्तस्राव आवरत नाही. नवजातांत अँटिथ्रॉम्बिनही (ज्याच्यामार्फत हेपरिन काम करतं ते प्रथिन) कमी असतं, त्यामुळे हेपरिनचा असर बाळागणिक वेगळा. हेपरिनची पातळी मोजायची सोय असेल तर ती एसीटीच्या जोडीला लाव.

जुना_गॅसवाला: ताईंशी सहमत. टेग की रोटेम यावर डोकं शिणवू नका, गुठळी कधी धरते, किती घट्ट होते, विरघळते का, हेच दोन्ही सांगतात. विकत घेताना हेपरिनेजची (नमुन्यातलं हेपरिन नष्ट करून केलेली) चाचणी आणि फायब्रिनोजेनची वेगळी चाचणी आहे ना, एवढं पाहा.

वेळ म्हणाल तर रिवॉर्मिंग, म्हणजे थंड केलेलं अंग पुन्हा गरम करताना. हेपरिनेज असल्यामुळे पंपावर असतानाही खरं चित्र दिसतं आणि प्रोटामीन देईपर्यंत रक्तपेढीतून हवं ते हाताशी येतं. रोटेमच्या भाषेत, फिबटेम (फायब्रिनोजेनची चाचणी) खाली असेल तर क्रायो (फायब्रिनोजेन असलेला रक्तघटक) किंवा फायब्रिनोजेन कॉन्सन्ट्रेट. फिबटेम ठीक पण एक्सटेमची (प्लेटलेटसह पूर्ण गुठळीच्या चाचणीतली) गुठळी लेची, तर प्लेटलेट. प्रोटामीननंतर इनटेम (हेपरिन असलं की लांबणारी चाचणी) लांब आणि हेपटेम (तीच, हेपरिनेज घालून) नीट, म्हणजे हेपरिन उरलंय. दोन्ही लांब असताना मात्र आणखी प्रोटामीन ओतू नका, जादा प्रोटामीनही गोठणं बिघडवतं.

आणि आलेख चांगला असून रक्त येतंय, तर सर्जनला टाके तपासायला सांगा. संकोच नको. उलट आलेख वाईट पण छाती कोरडी, तर काहीही देऊ नका. शंटच्या (फुप्फुसांकडे रक्त नेणारी कृत्रिम नळी बसवलेल्या) बाळाला उगाच प्लेटलेट देणं म्हणजे शंट बंद पडायला आमंत्रण.

निळी_ट्यूब: लॅबवाल्यांचंही ऐका जरा. सायनॉटिक (ऑक्सिजन कमी पडून निळसर झालेल्या) मुलाचा हिमॅटोक्रिट ५५ टक्क्यांच्या वर असेल तर नेहमीच्या ट्यूबमध्ये प्लाझ्मा कमी, सायट्रेट (नमुना गोठू न देणारं ट्यूबमधलं द्रव्य) जास्त होतं. पीटी, एपीटीटी (गोठण्याच्या नेहमीच्या लॅब चाचण्या) खोटे लांबतात आणि बाळाला विनाकारण प्लाझ्मा चढतो. आधी फोन करा, सायट्रेट कमी करून ट्यूब देतो. ट्यूब खुणेपर्यंत भरा. हेपरिन फ्लशच्या लाइनमधून नमुना घेताना सुरुवातीचं रक्त वेगळ्या सिरिंजमध्ये ठेवा आणि नंतर बाळाला परत द्या. तेवढंही त्याला महाग पडतं.

नवी_भूलतज्ज्ञ: हे कुणी सांगितलंच नव्हतं. शंटचं बाळ अॅस्पिरिनवर असताना पुन्हा ऑपरेशनला आलं तर तो असर आलेखात दिसेल?

जुना_गॅसवाला: साध्या चाचण्यांत नाही. त्यात थ्रॉम्बिन इतकं तयार होतं की अॅस्पिरिनचा असर झाकला जातो. प्लेटलेटच्या कामाची वेगळी चाचणी लागते. शेवटचा डोस कधी दिला, हे आईबाबांना विचारून चार्टवर लिहून ठेवा.

पंपावरची: आणि मशीन थिएटरजवळच ठेवायला सांग. लॅब लांब असली तर रिपोर्ट येईस्तोवर छाती बंद झालेली असते. रात्री ते चालवणार कोण आणि रोजचं क्यूसी (मशीनची अचूकता तपासणं) कोण करणार, हे ऑर्डर देण्याआधी ठरवून घे.