दिवसभर पायावर उभी असते, तरी वजन वाढतंच आहे

माडाखालची (१४ जानेवारी)

नमस्कार मंडळी. वय ४४, उंची ५ फूट २ इंच, वजन ७१ किलो, कंबर ३७ इंच. आम्ही देवबागला राहतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मध्ये आमच्या चार खोल्या. त्या पर्यटकांना देतो आणि जेवण मी करते. मदतीला एक मुलगी येते, पण वाटण आणि मासे माझ्याच हातचे लागतात.

गेल्या महिन्यात रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ टक्के आली. डॉक्टर म्हणाले, डायबेटिस अजून घरात शिरला नाही, पण दारात उभा आहे, वजन उतरवा. आणि हातात एक झेरॉक्स दिली. सकाळी ओट्स, दुपारी दोन फुलके आणि ब्रोकोली, संध्याकाळी ग्रीन टी, रात्री सूप. भात बंद, खोबरं बंद. आता सूप पिऊन मी दहा माणसांची सुरमई तळत बसायचं म्हणजे काय ते त्या कागदाला काय माहीत! आठ दिवस केलं. नवव्या दिवशी रात्री बारा वाजता ओट्याशी उभ्या उभ्या तीन वडे आणि वाडगाभर सागोतीचा रस्सा खाल्ला. झेरॉक्स अजून फ्रिजवर चुंबकाखाली आहे.

माझा दिवस असा. पाचला उठते, चहा. पाहुण्यांबरोबर आठला चहा. त्यांचे घावणे-आंबोळी उरकून दहाला माझी न्याहारी. अकराला कोणी ना कोणी येतं, चहा. दुपारचं जेवण तीनच्या पुढे. पाचला चहा, सातला दमले म्हणून चहा. प्रत्येकात दोन चमचे साखर. रात्री पाहुणे साडेदहापर्यंत जेवतात. मग माझं ताट सव्वाअकराला, आणि बाराला अंथरूण.

व्यायामाचं विचाराल तर मला खुर्ची माहीत नाही. तरी लेकीने गंमत म्हणून माझ्या गाऊनच्या खिशात तिचा फोन टाकून दिवसभर पावलं मोजली, तर ४,१०० भरली. मला वाटलं फोन बिघडलाय. माझी आई विहिरीचं पाणी काढायची, झावळ्या ओढत आणायची, चुलीला पातेरा गोळा करायची. तिचं पोट मी कधी सुटलेलं पाहिलं नाही. मला पंप आहे, गॅस आहे, मासेसुद्धा फोन केला की स्कूटरवर दारात येतात.

सासूबाईंचं मत एकच. "उरला-सुरला सगळा तूच खातंस, वजन वाढतला नाय तर काय!"

ज्या घरात रोज बांगडा आणि भात शिजतो अशा घरात राहून कोणी वजन उतरवलंय का? रोजचं काय बदललंत ते सांगा. जिम सांगू नका, इथून मालवणला जाऊन यायचा वेळ माझ्याकडे नाही.

---

लालडबा (१४ जानेवारी)

ताई, मी रत्नागिरीकडचा, एसटीवर ड्रायव्हर. २६ वर्षं बसून आहे, म्हणजे तुमच्या उलट! ८९ किलो होतो, आता ८१. दोन गोष्टी केल्या. एक, चहातली साखर आधी अर्धी, मग बंद. पहिले पंधरा दिवस चहा म्हणजे काढा वाटायचा, आता कोणी गोड दिला तर पिववत नाही. दुसरी, पाखाडी. आमचं घर पाखाडीच्या खाली आहे, ११२ पायऱ्या. बाईक घेतल्यापासून मी लांबच्या रस्त्याने थेट अंगणात जायचो. आता बाईक वरच ठेवतो. ड्युटीला जाताना चढ, येताना उतार, शिवाय काहीतरी विसरलं की परत एकदा. आणि मी विसरतो फार.

सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू आणि जेवल्यावर कोकमाचं आगळ घ्या. चरबी वितळते म्हणतात.

फिटलाइफ_सिंधुदुर्ग (१५ जानेवारी)

९० दिवसांत १५ किलो गॅरंटी. फक्त सकाळ-संध्याकाळ शेक. इनबॉक्स करा.

चाकरमानी (१५ जानेवारी)

ह्या शेकवाल्याला कोणीतरी खाडीपलीकडे सोडून या.

ताई, आम्ही मुंबईहून येतो, तुमच्यासारख्यांच्या खोल्यांवर उतरतो, दहा वाजता "अजून दोन सोलकढी" म्हणून सांगतो. तुम्ही अजून जेवलेल्या नसता हे कधी डोक्यातच आलं नाही. असो. ते १६ तास उपाशी राहायचं सध्या सगळे करतात ते कसं आहे?

---

मोदकवाली (१६ जानेवारी)

अहो ताई, तुमच्या सासूबाईंनी निदान केलंय आणि तुम्ही ते शेवटी टाकलंत!

मी गुहागरला. आमचंही न्याहारी-निवास आहे, शाकाहारी, उकडीचे मोदक ही आमची ओळख. ७८ किलो होते. मीही भात सोडून पाहिला, दोन वेळा. काही झालं नाही, उलट चिडचिड. मग एकदा दहा दिवस मी एकच काम केलं. ताटाबाहेर तोंडात जे जाईल ते भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या त्या-त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने लिहायचं. तिसऱ्या दिवशी चौकट पुरेना. मीठ लागलं का बघायला आमटी, वाटीभर. साटोरीचा तुटलेला तुकडा. पाहुण्यांच्या नातवाने अर्धा टाकलेला मोदक, कारण तूप घातलेलं होतं, टाकवेना. पोह्यांच्या कढईला लागलेलं खरवडून. आणि दुपारी चारला चहाबरोबर उरलेले दोन मोदक, रोज, जणू ते सरकारी कामच.

ताटात मी काही वाईट खात नव्हते. ताटाबाहेरच माझं दुसरं जेवण होत होतं, आणि ते मी जेवण म्हणून धरतच नव्हते.

दुसरं कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय, सव्वाअकरा. पाहुणे उठल्याशिवाय घरच्या बाईने जेवायचं नाही हे आपल्याला कोणी सांगितलेलंही नसतं, आपण करतो. तीन वाजल्यापासून पोटात काही नाही, समोर आठ तास तळण. मग अकराला माणूस जेवत नाही, तुटून पडतो.

मी सात वाजता जेवायला लागले. पंगत साडेआठची. माझं ताट आधी वाढायचं, पाटावर बसून, वरण-भात, भाजी, कोशिंबीर, ताक. पहिल्या आठवड्यात इतकं ओशाळल्यासारखं वाटायचं की मी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचे! कोणी बघितलंही नाही. पण वाढताना पोट भरलेलं असलं की कढईतल्या मोदकाकडे आपण वेगळ्या नजरेने बघतो, हे करून बघा.

उरलेलं: आता मोदक माणशी तीन धरून मोजून करते, पूर्वी "राहू दे चार जास्त" असायचं. तरी उरले तर लगेच डब्यात, डबा मदतनीस बाईंच्या पिशवीत. सकाळवर ठेवायचे नाहीत, सकाळी मी माझ्यावर विश्वास ठेवत नाही. मीठ बघायला एक छोटा चमचा खुंटीला अडकवलाय, औषधाचा.

दीड वर्षात ६९ वर आले. मध्ये मे महिन्यात तीन किलो परत चढले होते, तेही सांगून ठेवते.

---

पथ्यपाणी (१७ जानेवारी)

मी आहारतज्ज्ञ आहे, कुडाळात काम करते. मोदकवाली ताईंनी माझं निम्मं काम केलंय, बाकीचं सांगते.

लालडबा दादा, पाखाडीला शंभर गुण, कोकमाला शून्य. कोकमाने चरबी वितळत नाही. आगळ प्या, चवीला प्या. पण सोलकढीत नारळाचं दूध असतं, ती पाण्यासारखी तांब्याने पिऊ नका. आणि मध हीसुद्धा साखरच.

माडाखालची ताई, तुमच्या आकड्यांवरून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, साधारण २८.६ येतो. आपल्या लोकांसाठी २००९ मध्ये जे निकष ठरले त्यात २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, आणि बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात. तुमची ९४ आहे. पण ५५ किलोची स्वप्नं बघू नका. ७१ चे पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो, सात टक्के म्हणजे पाच किलो. साखरेच्या दृष्टीने एवढ्यानेही फरक पडतो. अमेरिकेत २००२ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तुमच्यासारखेच, दारात उभे असलेले लोक. सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं हे उद्दिष्ट दिलेल्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी होतं. आपल्याकडे चेन्नईचा २००६ चा अभ्यास आहे, त्यात साधारण २८ टक्के घट दिसली, आणि गंमत म्हणजे तिथे लोकांचं वजन फारसं उतरलंही नव्हतं. म्हणून काटा हलला नाही म्हणून चालणं सोडायचं नाही.

उभं राहणं आणि चालणं यात फरक आहे. ओट्यापासून टेबलापर्यंत बारा पावलं, पुन्हा ओट्याशी थांबणं. तुम्ही दमता खऱ्या, पण दम लागत नाही. सलग वीस-तीस मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चाला. जेवणानंतर दहा मिनिटं फिरलात तर जेवणानंतरची साखर कमी चढते, ते वेगळंच.

चहा: पाच कप, दहा चमचे, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर, १६० ते २०० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, आणि जमलं तर २५ ग्रॅमच्या आत आणा म्हणते. तुमची पहिली पायरी हीच.

भात सोडू नका. शिजलेल्या भाताची मध्यम वाटी साधारण २०० कॅलरीची. दोन वाट्यांची एक करा, आणि जागा भाजीने भरा. तुमच्या पोस्टमध्ये मासे आणि वडे आहेत, पण त्या झेरॉक्समधली ब्रोकोली सोडली तर भाजी एकदाही नाही! उकड्या तांदळाची पेज दहा वाजता उत्तम, घावण्यांपेक्षा पोटाला हलकी आणि तांदूळ कमी लागतो. बांगडा, तारली भरपूर खा, पोट धरून राहतं ते ह्याच्याने. फक्त तुमच्या ताटातला तळलेला नको. एक टेबलस्पून तेल म्हणजे १२० कॅलरी. तिखलं करा, नाहीतर केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर. खोबरं वाटणात असू द्या, पण रस्सा वाडग्याने नको, वाटीने.

झोप पाच तासांची आहे, ती मला सगळ्यात जास्त खटकली. कमी झोपेने भूक वाढते, आणि ती गोड-तेलकटाचीच वाढते. चाकरमानी, तुमच्या १६ तासांचं उत्तर यातच आहे. साडेसातला जेवून सकाळी पेजेपर्यंत थांबलं की चौदा तास आपोआप होतात, त्याला नाव द्यायला नको. मात्र डायबेटिसच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नयेत.

---

माडाखालची (३ एप्रिल)

अकरा आठवडे झाले. कोणी विचारलं नाही तरी सांगते.

चहा पाचावरून तीन, साखर अर्धा चमचा. शून्य जमत नाही, दादा, माफ करा.

रात्रीचं जेवण साडेसात. हे मला वाटलं होतं अशक्य. पहिल्या दिवशी मी घुटमळत होते, पाहुण्यांचं पीठ मळायचं होतं, तर सासूबाईंनीच ताट वाढून समोर ठेवलं. "आधी तू जेव गो." एवढंच. तेव्हापासून रोज त्याच वाढतात, आणि भाताची एकच वाटी घालतात, मागितला तरी दुसरी देत नाहीत. ह्या बाईला कुडाळच्या मॅडमकडे नोकरीला ठेवायला हवी!

चालण्याचं असं झालं की नुसतं चालायला जायला लाज वाटत होती. बायका विचारणार, खय चल्लंस? म्हणून मासेवाल्याचा फोन बंद केला. सहाला उठून ओल्या वाळूवरून तारकर्लीच्या बाजूला रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढतात तिथे, जाते. कधी दीड, कधी दोन किलोमीटर, रापण कुठे लागलीय त्यावर. दोरी ओढणाऱ्यांत आमचे दीर असतात, ते म्हणतात ये, ओढ. दोनदा ओढली, दुसऱ्या दिवशी हात वर होईना. येताना तीन-चार किलो मासे पिशवीत. मासे ताजे आणि स्कूटरवाल्यापेक्षा स्वस्त, हा फायदा धरलाच नव्हता. लेकीचा फोन आता ८,७०० दाखवतो.

उरलेल्याचा हिशोब मात्र अजून पूर्ण सुटला नाही. तळलेली सुरमई मदतीच्या मुलीला देते, वडे कमी करते, पण सुंगटाचं (कोलंबीचं) सुकं उरलं की माझा हात जातोच. शिवरात्रीला खोल्या फुल्ल, आठ दिवस सगळं मोडलं, रात्री पुन्हा अकरा वाजले, दीड किलो परत चढलं. मग उतरलं.

आज वजन ६७.४, कंबर ३५. झोप सहा तास. साखर पुढच्या महिन्यात तपासणार.

मॅडम, आता दोन प्रश्न. मेमध्ये चारही खोल्या बुक आहेत आणि देवगडहून भावाच्या हापूसच्या दोन पेट्या येणार. त्याचं काय करू? आणि जूनला समुद्र खवळला की रापण बंद, वाळूवर पाऊल ठेवता येत नाही, तेव्हा सकाळी कुठे जायचं? मोदकवाली ताई, तुम्ही पावसात काय करता ते लिहा. मी रात्री बघेन. आता तिसऱ्या खोलीतल्यांना तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं हवंय, आणि माझं ताट वाढलंय.