मदत हवी आहे: १९६६ ची जीटीओ, तीन कार्बोरेटर, आयडल (पेडल न दाबता इंजिनाचा वेग) खाली येत नाही

ट्रायपॉवर_६६

मंडळी, इथे बुलेट-जावावाले भरपूर आहेत, अमेरिकन व्ही-८ वाले किती आहेत माहीत नाही. तरी विचारून बघतो. इकडच्या इंग्रजी ग्रुपवर प्रश्न टाकला की निम्मी जनता "इंजिनाचा नंबर जुळतो का" यातच अडकते.

मी मिशिगनमध्ये असतो. गाडी १९६६ ची पॉन्टिअॅक जीटीओ, ३८९ क्युबिक इंच म्हणजे जवळपास ६.४ लिटर, चार गिअर मॅन्युअल. वर ट्राय-पॉवर, म्हणजे एकाच मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा भाग) एकामागे एक असे दोन बॅरलचे (हवेच्या दोन नळ्यांचे) तीन रॉचेस्टर कंपनीचे कार्ब. १९६६ हे या सेटअपचं शेवटचं वर्ष. त्यानंतर जनरल मोटर्सने कॉर्व्हेटसारखे अपवाद सोडून बाकी गाड्यांवर एकापेक्षा जास्त कार्ब लावायलाच मनाई केली, आणि ६७ च्या जीटीओवर चार बॅरलचा एकच क्वाड्राजेट आला. त्यामुळे तिन्ही कार्ब ठेवायचे आहेत, हे पक्कं. "एक चार बॅरलचा टाका आणि मोकळे व्हा" हा सल्ला मेहुण्याने आधीच दिलेला आहे.

आता दुखणं. तिन्ही कार्ब इथल्या एका दुकानातून रिबिल्ड करून आणले. दिसायला नव्या भांड्यांसारखे लखलखीत. पण गाडीवर चढवल्यापासून मधल्या कार्बचा आयडल स्क्रू पूर्ण सोडला तरी इंजिन ११०० आरपीएमच्या खाली येत नाही. मिक्श्चर स्क्रू (आयडलला पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे) चार-साडेचार आटे बाहेर काढले तरच चालतं, थोडे आत घेतले की बंद पडतं. सायलेन्सरमधून फट-फट. प्लग पांढरट. व्हॅक्युम गेजवर (इंजिनाची हवेची ओढ मोजणारं) १३ इंच, तेही काटा थरथरतोय. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) व्हॅक्युम अॅडव्हान्सची नळी काढून, तोंड बंद करून पाहिलं: टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असण्याच्या क्षणाच्या) आधी ६ अंश, कंपनीने सांगितलंय तेवढंच. हवा गळते का बघायला गास्केटच्या कडेकडेने न पेटवलेल्या प्रोपेनची नळी फिरवली, कुठेही रेस (इंजिनाचा वेग) बदलत नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ आहे, डेट्रॉइटजवळचा जुन्या गाड्यांचा मेळावा. तिथे वुडवर्ड अॅव्हेन्यूवर तासन् तास मुंगीच्या पावलांनी सरकायचं असतं. ११०० वर गुरगुरणारी गाडी तिथे नेली तर क्लच आणि इज्जत दोन्ही जातील. कुठून सुरुवात करू?

दोन_स्ट्रोक_पुणे

भाऊ, माझा हात आरडी ३५० या टू-स्ट्रोक बाइकवर बसलाय, व्ही-८ फक्त फोटोत पाहिलंय. पण लक्षणं ओळखीची वाटतात. आमच्याकडे दोन मिकुनी कार्ब असतात, त्यातल्या एकाची स्लाइड (सरकती झडप) जरा वर राहिली की आयडल असंच चढतं आणि काही केल्या उतरत नाही. दोन्ही केबल समान करून घेतल्या की गाडी गप्प. तुमचेही तिन्ही एकदा गेज लावून सिंक करून घ्या.

जुनं_लोखंड

पुणेकर, लक्षण बरोबर पकडलंत, इलाज मात्र इथे उलटा आहे. आरडीमध्ये एका सिलिंडरला एक कार्ब, दोघांनी सारखंच काम करायचं. ट्राय-पॉवरमध्ये तसं नाही. आयडलला आणि रोजच्या चालवण्यात फक्त मधला कार्ब काम करतो. चोक त्यालाच, मिक्श्चर स्क्रू त्यालाच, पॉवर व्हॉल्व्हही (जोर लागला की जादा पेट्रोल देणारी झडप) त्यालाच. पुढचा आणि मागचा, दोन्ही त्या वेळी झोपलेले असायला हवेत. पेडल अर्ध्याच्या पुढे गेलं की लिंकेज (कार्ब एकमेकांना जोडणारे रॉड) त्यांना उघडायला लागतं. त्यामुळे आयडलला तिघांना "समान" करायला गेलात तर गाडी कायमची बिघडेल.

धागाकर्ते, मिक्श्चर स्क्रू चार आट्यांवर आणि प्लग पांढरे, म्हणजे इंजिन कुठून तरी जादा हवा खातंय. बाहेरच्या गास्केटमधून नाही, ते तुम्ही तपासलंच आहे. मग आत जायला एकच वाट उरते: कडेच्या कार्बच्या तोंडातून, न मिटलेल्या थ्रॉटल प्लेटच्या (हवेची वाट उघडमीट करणाऱ्या चकतीच्या) फटीतून. प्रोपेन बाहेरून फिरवून ते कळणार नाही, कारण ती हवा वरून रीतसर येतेय.

एक साधी गोष्ट करा. एअर क्लीनर काढा. इंजिन चालू ठेवून मागच्या कार्बच्या तोंडावर जाड पुठ्ठा दाबून धरा. प्लेट नीट मिटत असतील तर इंजिनाला पत्ताही लागायला नको. रेस पडली किंवा आवाज बदलला तर चोर तिथेच आहे. मग पुढच्यावर तेच. हात लावू नका, पुठ्ठाच घ्या. बॅकफायर कधी येईल सांगता येत नाही. अग्निशामक जवळ असू द्या.

त्याआधी लिंकेजचे रॉड कडेच्या दोन्ही कार्बपासून सोडवा. पुष्कळदा कार्ब निर्दोष असतो आणि दोन टोकांना जोडणारा रॉड केसभर लांब राहिल्यामुळे एक प्लेट उघडी धरलेली असते.

खिडकीतून

विषयाला सोडून: १९६४ साली हीच ३८९ चार बॅरलवर ३२५ अश्वशक्ती सांगायची आणि ट्राय-पॉवरवर ३४८. तेवीस अश्वशक्तीसाठी दोन कार्ब जादा! लोकांनी तेव्हाही ते आवाजासाठीच घेतले असणार, असा माझा संशय आहे.

ट्रायपॉवर_६६

खिडकीतून, संशय रास्त आहे. ती तिन्ही एकदम उघडतात तेव्हा जो हुंकार येतो, त्याच्यासाठी लोक आजही पैसे मोजतात. मीही त्यातलाच.

जुनं_लोखंड, तुमचं बरोबर निघालं. रॉड सोडवूनही फरक पडला नाही, पण मागच्या कार्बवर पुठ्ठा ठेवताच रेस ११०० वरून ८०० च्या आसपास आली आणि काटा शांत झाला. पुढच्यावर ठेवला तर फरक अगदी थोडा, पण आहे.

मागचा कार्ब उतरवला, खालचा थ्रॉटल बॉडीचा भाग वेगळा केला आणि गॅरेजचे दिवे बंद करून खालून टॉर्च मारला. एका बॅरलमध्ये प्लेटच्या एका बाजूला चंद्रकोरीएवढा प्रकाश. दुसऱ्यात दोन्ही बाजूंना बारीक रेघ. भिंगाने पाहिलं तर प्लेटची कड सरळ नाही, तिरकी घासलेली आहे, आणि दोन प्लेटचा तिरकेपणा एकमेकांच्या उलट दिशेला. एक प्लेट उलटी बसवली आहे का?

जुनं_लोखंड

हो, उलटीच. प्लेट बोअरमध्ये (बॅरलच्या नळीत) आडवी बसत नाही, थोड्या कोनात मिटते, म्हणून कड तिरकी असते. उलटी बसवली की कितीही दाबा, फट राहणारच. रिबिल्डवाल्याने तिन्ही कार्ब सुटे करून एकत्र धुतले असणार आणि जोडताना लक्ष दिलं नसणार. प्लेट आपापल्या बोअरला घासून बसलेल्या असतात, म्हणून कुठली कुठली ते खूण केल्याशिवाय काढू नका.

प्लेटचे स्क्रू जपून काढा. त्यांची मागची टोकं ठोकून पसरवलेली असतात, जोर लावलात तर शाफ्टमधले आटे जातील. टोक आधी बारीक कानसेने साफ करा. प्लेट सुलटी करून स्क्रू सैल ठेवा, शाफ्ट हाताने हलकेच फिरवून दोन-तीनदा मिटू द्या. ती स्वतःच बोअरमध्ये मधोमध बसते. मिटलेल्या अवस्थेत दाबून धरून स्क्रू आवळा, पुन्हा टॉर्च मारा. शेवटी आट्यांवर लॉकटाइट (स्क्रू सुटू न देणारा डिंक) लावा आणि टोक पुन्हा थोडं पसरवा. यात आळस नको, सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो. एवढं करूनही प्रकाश दिसला तर शाफ्ट हलवून बघा. वरखाली खेळ असेल तर बॉडीत बुश मारून घ्यावे लागतील, ते मशीन शॉपचं काम.

दोन_स्ट्रोक_पुणे

चला, आज नवीन शिकलो. आमच्या स्लाइडला ही कटकट नाही, पण तिचे चाळे वेगळे.

ट्रायपॉवर_६६

मागचा आणि पुढचा, दोन्ही करून चढवले. पुठ्ठा ठेवा, काढा, काहीच बदलत नाही. मिक्श्चर स्क्रू पावणेदोन आट्यांवर येऊन थांबले, आयडल ७५० वर स्थिर, व्हॅक्युम १६. फट-फट गेली. जुनं_लोखंड, डेट्रॉइटकडे आलात तर जेवायला या, पुरणपोळी आमच्याकडून.

आता दुसरी तक्रार. तिसऱ्या गिअरला पेडल अर्ध्याच्या पुढे नेलं की कडेचे कार्ब उघडतात आणि त्याच क्षणी गाडी ठेच लागल्यासारखी अडखळते, मग उसळी मारते. पेडल हळू दाबलं तर अडखळणं जवळजवळ नाहीच. पेट्रोल इथलं नेहमीचं, १० टक्के इथेनॉलवालं, ९३ ऑक्टेन.

जुनं_लोखंड

हळू दाबल्यावर नीट आणि झटक्यात दाबल्यावर अडखळणं, म्हणजे अॅक्सिलरेटर पंप, पेडल झटक्यात दाबल्यावर जादा पेट्रोल मारणारा. कडेच्या दोन्ही कार्बनाही आपापला पंप असतो. इंजिन बंद ठेवा, कडेच्या कार्बच्या तोंडातून आत बघत त्याचा थ्रॉटल हाताने झटकन उघडा. थ्रॉटल हलवला त्याच क्षणी दोन्ही बॅरलमध्ये पेट्रोलची सरळ, दमदार धार पडली पाहिजे. थेंबथेंब पडत असेल, उशिरा येत असेल किंवा एकाच बाजूला येत असेल तर पंपाचा कप गेलाय, नाहीतर खालचा चेक बॉल (पेट्रोल मागे जाऊ न देणारी गोळी) चिकटलाय. गाडी बरेच दिवस हळूच फिरवली की कडेच्या कार्बमधलं पेट्रोल वापरलं जात नाही, उडून जातं, तळाला चिकट राळ बसते आणि कप कोरडा पडून आकसतो. इथेनॉलने जुन्या रबराचं आणखी वाटोळं होतं.

कप मागवताना इथेनॉलला टिकणाराच मागवा, दोन्ही कार्बचे एकदम बदला. आणि बसवल्यावर दर आठवड्याला एकदा मोकळ्या रस्त्यावर पेडल तळाला लावा. कडेच्यांना ताजं पेट्रोल मिळतं. घरच्यांना कारण सांगायला देखभाल हा शब्द पुरेसा आहे.