श्यामच्या आईचे सुविचार छापणाऱ्यांनो, पुस्तक कधी उघडलंत का?

निवांत_वाचक
पालकांच्या एका गटात काल पोस्ट आली : 'श्यामच्या आईकडून शिका, मुलं घडवण्याची दहा सूत्रं'. मागे समई, मोगरा, नऊवारीतली हसरी बाई. सूत्र पहिलं : मुलांवर कधीही हात उगारू नका. तिथेच डोकं सटकलं. अहो, साने गुरुजींच्या 'श्यामची आई' पुस्तकात विहिरीवर पोहायला जायचं नाही म्हणून लपून बसलेल्या श्यामला या बाईने शोधून काढून शिंपटीने झोडपलंय आणि तसाच विहिरीवर धाडलाय! अख्खा अध्याय आहे त्यावर.

दुसरं म्हणजे, दहाच्या दहा सूत्रांत कर्जाचा 'क' नाही. एका रात्रीचं (पुस्तकातल्या अध्यायाचं) नावच 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक'. वसुलीला आलेला माणूस ओसरीवर बसून बायको विकायची भाषा करतो, तेव्हा आतून येऊन त्याला सुनावते ती हीच. पुढे घरावर जप्ती येते, ढोल वाजवून गावभर पुकारा होतो, आणि मग बाईने जे अंथरूण धरलं ते कायमचंच. उत्तरार्ध जवळजवळ सगळा पैशाच्या ओढाताणीचा आहे. ते कापायचं, पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप म्हणणारं तेवढं ठेवायचं, आणि मग तेच फॉरवर्ड गृहकर्जाच्या जाहिरातीखाली फिरवायचं. चिडचिड होते हो.

बालमन
दादा, तुम्ही तर मारण्याचं समर्थनच करायला निघालात. शाळेत समुपदेशनाचं काम करते, म्हणून बोलते. 'आमच्या आईने मारलं म्हणून आम्ही घडलो' हे वाक्य रोज ऐकते, आणि बहुतेक वेळा सांगणाऱ्याचं मूल शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेलं असतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं, शारीरिक शिक्षेला बंदी करणारं कलम 17 वाचा.

हर्णैचा_दर्यावर्दी
ताई, ते कलम शाळेपुरतं. आमच्याकडे घराला लागून विहीर, विहिरीला कठडा नाही, पलीकडे खाडी. पोहता न येणारं पोर म्हणजे आईच्या जिवाला घोर. मला वडिलांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून ढकललं. बोंब मारली, पाणी प्यालो, संध्याकाळपर्यंत एक फेरा मारला. माझ्या बरोबरीचा एक लाडका होता, त्याला कोणी ढकललं नाही. तो एका पावसाळ्यात गेला. आता सांगा मला कलम.

बालमन
त्या मुलाचं वाईट वाटलं, मनापासून. पण डबा बांधणं वेगळं आणि शिंपटीने वळ उठवणं वेगळं. तुम्हाला डब्याने शिकवलं, मारून नव्हे. तुमचीच गोष्ट माझ्या बाजूची आहे, काका.

हर्णैचा_दर्यावर्दी
बरं बाई, डबा तुमचा, विहीर माझी.

सुगरण_नाही
त्या पोस्टमधलं चौथं सूत्र कोणालाच टोचलं नाही का? अळणी भाजी! आई मीठ घालायला विसरते, वडील मिठाबद्दल काही न बोलता जेवतात, मुलंही गप्प. शेवटी ती स्वतः पानावर बसते तेव्हा तिला कळतं. आणि खाली लिहिलंय, 'कष्टाचा मान राखा'. कसला मान? सगळ्यांची जेवणं झाल्यावर एकटी बसलेल्या बाईला उरलेली अळणी भाजी! आधी बसली असती तर पहिल्या घासाला कळलं असतं.

आमच्याकडे तर कहर. लग्न नवं असताना एकदा दुधीची भाजी अळणी झाली. नवरा गुपचूप जेवला. छान. पण ते गुपचूप जेवणं तो आजतागायत प्रत्येक पाहुण्याला सांगतो. 'मी बोललो नाही हो तेव्हा.' अरे, मग आता तरी बोलू नकोस!

दुबईकर
😂 वहिनी, पण तेव्हाच सांगितलं असतं तर 'सासरचे नावं ठेवतात' म्हणून धागा काढला असतात. पुरुषाने काय करावं?

सुगरण_नाही
उठून मीठ आणावं. डबा ओट्याखाली पहिल्या कप्प्यात असतो. माहीत नसेल तर तोही मुद्दाच आहे.

दुबईकर
मी इथे एकटा राहतो, स्वतः करून खातो. डबा मला नीट माहीत आहे. सगळ्या पुरुषांना एका माळेत ओवू नका.

आजोळ_खेडचं
मिठावरून भांडणाऱ्यांनो, त्या प्रसंगात वाईट कोणाला वाटतं ते बघा. आईला. इतक्यांनी अळणी खाल्लं याचं. सांगितलं असतं तर तो जीव असा चुटपुटला नसता. माझी आजी भाजी उतरवली की आधी स्वतः तळहातावर घेऊन चाखायची, नैवेद्याची सोडून. नैवेद्याच्या दिवशीच अळणी व्हायचं आमच्याकडे.

विद्रोही_वाचक
तुमचं मीठ होऊ द्या, मी अडचणीचं बोलतो. मोळीवाली म्हातारी आठवते? महार समाजातली, थकून पडलेली. आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून दे. ऐंशी-नव्वद वर्षं यावर टाळ्या वाजतायत. पण पुढचं? घरी येऊन आंघोळ कर, हेही तीच सांगते. माझ्या आजीने अशा मोळ्या वाहिल्यात. तिला तुमची 'माउली' वाचून दाखवली तेव्हा ती एवढंच म्हणाली, 'पाणी कोणी दिलं का तिला?' कसली जीवनदृष्टी ही?

टीपाकार
तुमचा राग समजू शकतो, पण काळ बघा. श्याम म्हणजे साने गुरुजी, गाव दापोलीजवळचं पालगड, आई यशोदाबाई 1917 मध्ये गेल्या. पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, 1935 ला छापलं. त्या काळात, त्या घरात, मोळीला हात लावायला सांगणं हेच...

विद्रोही_वाचक
'काळ बघा' हे आम्हालाच का सांगतात दर वेळी? काळ आम्हीच बघितला. भोगला.

टीपाकार
वाक्य पुरं करू द्या. मुलगा तिथे थांबला नाही. 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी उपोषणाला बसले. आंघोळ कर म्हणणाऱ्या आईचा मुलगा. चेला गुरूच्या पुढे गेला, आणि ते त्या दहा सूत्रांत कुठेच नाही.

विद्रोही_वाचक
मुलाचं मान्य. उपोषणाबद्दल आमच्या घरातही आदरानेच बोलतात. आईचं नाही. आणि मंदिर उघडायला उपोषण करावं लागलं, हे टाळ्या वाजवताना विसरू नका म्हणजे झालं.

निवांत_वाचक
हेच म्हणतोय मी! कर्ज, वळ, ती आंघोळ, सगळ्यासकट बाई घ्या नाहीतर सोडा. शिवाय ती आई सोळा वर्षांनी, तुरुंगात, आई गमावलेल्या मुलाला आठवलेली. त्याने तिला थोडी उजळ केलीच असणार. मग आपण आणखी पॉलिश कशाला मारायचं?

बालमन
तुमचा मूळ मुद्दा पटला. पोस्ट भिकार आहे. पण 'वळासकट घ्या' म्हणजे वळ कुरवाळत बसा असं नाही. तीही नंतर त्याला जवळ घेऊन समजावते, जगाने भित्रा म्हणू नये म्हणून मारलं म्हणते. म्हणजे तिलाही टोचलंच होतं. 1953 च्या अत्र्यांच्या 'श्यामची आई' सिनेमात आई झालेल्या वनमालाबाईंचा चेहरा बघा त्या वेळचा.

हर्णैचा_दर्यावर्दी
सिनेमाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं ते त्या माराच्या प्रसंगासकट, एवढी नोंद घ्यावी.

बालमन
काका, घेतली. सुवर्णपदक पाठीला बांधून पोहा आता.

दुबईकर
वहिनी गेल्या का? एक शंका होती. मी परवा माठाची भाजी केली, खारट झाली. घालताना तर मीठ बेतानेच होतं.

सुगरण_नाही
गेले नाही, वाचतेय. पातेलंभर पाला बघून मीठ घातलंत ना? तो शिजून मूठभर होतो. पालेभाजीला मीठ आळल्यावरच, अगदी शेवटी. आणि शेवटी ठेवलं की त्याच वेळी दाराशी कोणीतरी येतं आणि राहून जातं. श्यामच्या आईचंही असंच झालं असणार, तीही पालेभाजीच होती. घरात चार पोरं, ओसरीवर सावकाराचा माणूस.

निवांत_वाचक
कर्जावर एकाने तरी चार ओळी लिहा रे.

दुबईकर
लिहितो, हप्ता भरून येतो. वहिनी, मूठभर भाजीला मीठ किती? 'अंदाजाने' म्हणू नका.