घरच्या कामासाठी पीसी: दुकानदाराच्या कोटेशनमध्ये काय बदलू?

चौकस_४११
मॉनिटर, कीबोर्ड, माउस घरी आहेत. टॅली, एक्सेल, मुलीचं कोडिंग, थोडं फोटो एडिटिंग एवढंच काम. गेमिंग नाही, ग्राफिक्स कार्ड घेणार नाही. कोटेशन असं: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, ए५२० मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एक स्टिक, ५०० जीबी जेन ४ एनव्हीएमई एसएसडी (साठवणीसाठी) आणि ‘४५० वॅट एसएमपीएससकट’ (वीजपुरवठ्याच्या डब्यासकट) कॅबिनेट. ठीक आहे का?

तारजोड
आधी प्रोसेसर बदला. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाहीच. पंखे फिरतील, स्क्रीन काळीच राहील. ५६००जी घ्या. (इंटेलकडे गेलात तर नावात शेवटी ‘एफ’ असलेला टाळा, तिथेही हीच गत.)

५६००जी ला स्वतःची व्हिडिओ मेमरी नाही, ती रॅममधूनच घेते. म्हणून ८ जीबीची एक नको, ८ च्या दोन, ३२०० स्पीडच्या. एका स्टिकवर निम्मी बँडविड्थ (डेटा नेण्याची क्षमता) मिळते आणि ग्राफिक्स अडखळतं. बसवल्यावर बायोसमध्ये (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) एक्सएमपी किंवा डीओसीपी ही रॅमच्या वेगाची सेटिंग चालू करा, नाहीतर रॅम बऱ्याचदा २४०० किंवा २६६६ वरच चालत राहते.

जेन ४ एसएसडीचे जादा पैसे वाया जातील. ५६००जी आणि ए५२० दोन्ही पीसीआय एक्सप्रेस ३.० (म्हणजे जेन ३) वाले, वेग सेकंदाला ३५०० एमबीच्या आसपासच अडकणार. जेन ३ घ्या.

साडेतीनफेज
वरच्याशी सहमत, पण माझ्या मते या कोटेशनमधली सगळ्यात वाईट वस्तू तो फुकटचा एसएमपीएस आहे. त्याच्यावरचं लेबल वाचा. १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ × १६ = १९२ वॅट; ४५० चा आकडा फक्त खोक्यावर. हे मशीन पूर्ण भाराखालीही दीडशे वॅटच्या आत राहतं, त्यामुळे प्रश्न वॅटचा नाही, संरक्षणाचा आहे. असल्या एसएमपीएसमध्ये ओव्हरव्होल्टेज, शॉर्टसर्किटची सर्किटं बऱ्याचदा नसतात आणि जाताना तो बोर्डही सोबत नेतो. नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅट, ८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र) असलेला वेगळा घ्या. पैसे कमी पडले तर साधं कॅबिनेट चालेल. घरातलं अर्थिंगही तपासून घ्या.

चौकस_४११
धन्यवाद. घरीच जोडायचं म्हटलं तर कुठे चुकतं?

तारजोड
कूलरपाशी. ५६००जी सोबत येणारा कूलर चार स्प्रिंगच्या स्क्रूंनी बसतो, त्यासाठी बोर्डावरच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या काढाव्या लागतात. त्या काढल्या की मागची धातूची पट्टी सुटून पडते. म्हणून बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी, खोक्यावर आडवा ठेवून हे काम करा. स्क्रू तिरके समोरासमोर, दोन-दोन वेढे. पेस्ट कूलरला लावलेलीच असते, वरून आणखी लावू नका.

कूलर परत काढायची वेळ आली तर मशीन दहा मिनिटं चालवून, बंद करून, आधी किंचित फिरवा आणि मग उचला. थंड असताना सरळ ओढलात तर पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

साडेतीनफेज
दुकानातच विचारून ठेवा: बोर्डाचा बायोस ५६००जी ओळखतो का? जुना स्टॉक असेल तर डिस्प्ले येत नाही. त्यांच्याकडूनच अपडेट करून घ्या, बिलावर बोर्डाचा सिरीयल नंबर लिहून घ्या. आणि प्रोसेसरजवळची ८ पिनची केबल विसरू नका. ती राहिली की पंखे फिरतात, बाकी काहीच होत नाही.