हप्ता थांबवू का, पीएफ काढू का? (इंदूर, ७ एप्रिल २०२०)

रामबागकर लिहितात:

नमस्कार मंडळी. पिथमपूरच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत नोकरी आहे. कोरोनामुळे कारखाना २३ मार्चपासून बंद. मार्चचा पगार कापून आला आणि एप्रिलच्या पगाराचं कोणी काही सांगत नाही. हिचे डबे होते, तेही थांबले. घरी आम्ही चौघं आणि आई.

आकडे असे: बचत खात्यात ६१,०००. गृहकर्जाचे १८ लाख बाकी, व्याज साडेआठ टक्के, अजून १८० हप्ते, हप्ता १७,७२५. तो दर महिन्याच्या १० तारखेला कापला जातो. मार्चचा भरला आहे. क्रेडिट कार्डाचं बिल २२,०००, मुदत १५ तारखेची. किराणा, आईची औषधं, वीज, मोबाईल धरून महिन्याला १८,०००. पीएफमध्ये १,८०,००० आहेत, बेसिक १४,०००.

तीन महिने हप्ता नाही भरला तरी चालतं म्हणतात. घ्यावी का ही सवलत? आणि पीएफला हात लावावा का? रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हेच आकडे डोक्यात फिरतात.

---

हिशेबनीस लिहितात:

आधी तारखेचं बोलू, कारण ते आजच करायचं आहे. १० ला गुड फ्रायडे, ११ ला दुसरा शनिवार, १२ ला रविवार. तुमचा हप्ता सोमवारी १३ तारखेला खात्यातून जाईल. पण त्याची मागणी दोन-तीन दिवस आधीच निघालेली असते. शिवाय रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला बँकांना हप्ते पुढे ढकलू द्यायची फक्त परवानगी दिली, राबवायचं कसं ते बँकांवर सोडलं. काही बँका आपणहून हप्ता थांबवतात, काही ठिकाणी ग्राहकाने कळवावं लागतं. तुमच्या बँकेची रीत तिच्या वेबसाइटवर पाहा आणि कळवायचं असेल तर नोंदवलेल्या ईमेलवरूनच कळवा. कर्ज खाते क्रमांक आणि 'एप्रिल व मे २०२० चे हप्ते' असं स्पष्ट लिहा. उत्तर येईपर्यंत खात्यात १७,७२५ राहू द्या. खातं रिकामं ठेवलं आणि मागणी येऊन परत गेली, तर दंड लागतो.

'तीन महिने' म्हणजे १ मार्च ते ३१ मेमधले हप्ते. मार्चचा तुम्ही भरलात, म्हणून हातात उरले दोनच.

आता खरी गोष्ट. ही माफी नाही. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. १८ लाखांवर दोन महिन्यांचं व्याज २५,५९० होतं आणि ते मुद्दलात जाऊन बसतं. हप्ता तेवढाच ठेवलात तर शेवटी पाच हप्ते आणि वर थोडं, असे सुमारे ९३,००० जास्त जातात. मुदत तीच ठेवायला सांगितलीत तर हप्ता २५० रुपयांनी वाढतो. आज ३५,४५० हातात राहतात, त्याची ही किंमत. कर्ज नवं असताना हप्त्यातला मोठा भाग व्याजाचाच असतो, म्हणून फटका एवढा दिसतो. शेवटची दोन-तीन वर्षं राहिलेल्याला हेच फार स्वस्तात पडतं.

तरीही तुमच्या जागी सवलत घेणंच शहाणपणाचं आहे. हप्त्यासकट महिन्याचा खर्च ३५,७२५. कार्डाचे २२,००० गेले की ३९,००० उरतात, म्हणजे जेमतेम एक महिना. हप्ता थांबवला तर तेच पैसे दोन महिने पुरतात. मात्र सवलत घेऊन पगार आलाच, तर त्या महिन्याचं व्याज, म्हणजे १२,७५०, कर्ज खात्यात आपणहून भरा. तेवढं भरलं की मुद्दल वाढत नाही.

कार्डाला ही सवलत अजिबात घेऊ नका. तिथे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी. २२,००० वर महिन्याला ९०० रुपये. 'किमान रक्कम' भरणं हाही सापळाच. बाकी ओढली की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. १५ च्या आत पूर्ण भरा आणि कार्ड कपाटात ठेवा.

अजून एक विचारा: कर्ज रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याला, जोडलेलं आहे का? २७ मार्चला रेपो पाऊण टक्का उतरून ४.४० झाला. जोडलेलं असेल तर तीन महिन्यांच्या आत तुमचा दरही उतरेल, आणि पूर्ण पाऊण टक्का उतरला तर हप्त्यात ७८० रुपयांचा फरक पडेल. जुन्या एमसीएलआरवर, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या दरावर, असाल तर बदलून घ्यायला किती शुल्क लागतं ते विचारून ठेवा.

आणि हप्ता पुढे ढकलून देतो म्हणून कोणी फोनवर ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या. या कामाला ओटीपी द्यावा लागत नाही.

---

पीएफ_खिडकी लिहितात:

रामबागकर दादा, पीएफमधून १,३५,००० मिळतील असं मनात धरलं असेल तर ते सोडा. २८ मार्चच्या नव्या तरतुदीत शिल्लकेच्या ७५ टक्के किंवा तीन महिन्यांचा बेसिक अधिक महागाई भत्ता, यांतलं जे कमी ते मिळतं. तुमचे ४२,०००. परत भरायचे नाहीत, कर नाही, नोकरी सोडावी लागत नाही.

पीएफच्या यूएएन पोर्टलवर जा, 'ऑनलाइन सर्व्हिसेस'मध्ये क्लेम उघडा, खाते क्रमांक टाकून पडताळा, फॉर्म ३१ निवडा आणि कारणात महामारीचा पर्याय घ्या. दुसरं कारण निवडलंत तर नियमही दुसरे लागतात. शेवटी आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो.

अर्ज अडतात ते तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे चेकचा फोटो. त्यावर तुमचं नाव छापलेलं हवं, खाते क्रमांक आणि आयएफएससी स्वच्छ वाचता यायला हवा. नाव नसलेला चेक असेल तर पासबुकाचं पहिलं पान द्या. दुसरं, बँक विलीन होऊन आयएफएससी बदललेला असणं.

तिसरं आपल्याकडे फार दिसतं. मराठी माणसाचं नाव तीन पदरी. आधार काढताना इथल्या रीतीने नाव-आडनाव एवढंच लिहिलं जातं आणि कंपनीच्या कागदात मधे वडिलांचं नाव असतं. किंवा एकीकडे 'लक्ष्मण' एका स्पेलिंगने, दुसरीकडे दुसऱ्या. संगणकाला ही दोन माणसं वाटतात. म्हणून अर्ज करण्याआधी 'मॅनेज'मध्ये केवायसी उघडून आधार आणि बँक दोन्ही मंजूर दिसतात का ते पाहा. दुरुस्ती लागली तर मालकाची डिजिटल सही लागते. ऑफिस बंद असलं तरी ती घरून करता येते, म्हणून ठेकेदाराला आजच फोन करा.

४२,००० आले की लगेच खर्चाच्या खात्यात मिसळू नका. या पैशावर साडेआठ टक्के व्याज मिळत होतं. घरात खरोखर लागले तरच वापरा, कार्डासाठी किंवा हप्त्यासाठी नको.

पगाराचं: केंद्र सरकारच्या २९ मार्चच्या आदेशात बंदच्या काळाचे पैसे न कापता वेळेवर द्या असं आहे. त्या तारखेचा हवाला देऊन ठेकेदाराला लेखी कळवा, प्रत मूळ कंपनीला. भांडणाची भाषा नको, पण कागद हवा.

---

सुदामानगरची काकू लिहितात:

पैशाचं वरच्या दोघांनी सांगितलं. मी दोनच गोष्टी सांगते.

आरोग्य विम्याची मुदत कधी संपते ते आज पाहा. २५ मार्च ते १४ एप्रिलमध्ये संपत असेल तर २१ एप्रिलपर्यंत भरता येतो, तो भराच. खर्च कापताना लोक पहिली कात्री इथेच लावतात आणि आजारपणाच्या दिवसांत उघडे पडतात. आईंची औषधं महिन्याभराची एकदम आणून ठेवा. किराण्याला महापालिकेची घरपोच व्यवस्था आहे. डाळ, तांदूळ, कणीक, तेल, गूळ आधी. शेव-नमकीन उरलेल्या पैशात.

रात्रीच्या आकड्यांसाठी: हिशेबाची वेळ ठरवा, सकाळचे पोहे झाल्यावर अर्धा तास. वही उघडा, वहिनींना शेजारी बसवा. एका पानावर शिल्लक, दुसऱ्या पानावर पुढच्या आठ दिवसांत जाणारे पैसे, तारखेसकट. रात्री आकडा आठवला तर उशाशी कागदावर एक शब्द लिहा आणि सकाळी पाहा. आठवडाभर झोप लागलीच नाही, भूक मेली, तर लाजू नका. निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेची मोफत हेल्पलाइन आहे, ०८०-४६११०००७.

---

रामबागकर लिहितात:

सगळ्यांचे मनापासून आभार. बँकेला मेल केला, ठेकेदाराला फोनही झाला. आधारवर माझं मधलं नाव नाहीच! एकच शेवटचं: हिच्या पाटल्या आहेत, त्या ठेवून कर्ज काढू का?

---

हिशेबनीस लिहितात:

आत्ता नको. सोनं ही तिसरी फळी. पाटल्या पेढीवर नेऊ नका. वेळ आलीच तर बँकेतून, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत मिळतं. वजन आणि कॅरेट लिहिलेली पावती घेतल्याशिवाय उठू नका. आधी मधल्या नावाची दुरुस्ती लावा. ती झाल्याशिवाय ४२,००० येणार नाहीत.