शंभराऐवजी नव्व्याण्णव

रात्रपाळी:
परवा इथे एकाने लिहिलं की २०१६ चं लिनक्सचं चॅलेंज-ॲक (संशयास्पद पॅकेट आलं की सर्व्हर 'खरंच तूच का?' म्हणून जे उत्तर धाडतो ते) प्रकरण म्हणजे 'प्रयोगशाळेतला खेळ', उगाच बाऊ केला. वाचून डोकं सणकलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइडच्या संशोधकांनी काय दाखवलं ते नीट बघा. हल्लेखोर वाटेत बसलेला नाही, त्याला तुमचं एकही पॅकेट दिसत नाही. तो फक्त स्वतःच्या कनेक्शनवर उत्तरं मोजतो. सर्व्हर सेकंदाला शंभरच चॅलेंज-ॲक देणार, सगळ्यांना मिळून. आधी घड्याळ जुळवायचं: सेकंदभरात दोनशे पॅकेट सारख्या अंतराने सोडायची, शंभराच्या वर उत्तरं आली तर आपला सेकंद सर्व्हरच्या दोन सेकंदांवर पडलाय, थोडं सरकायचं. जुळलं की तुमच्या पत्त्याने एक खोटं पॅकेट, आणि त्याच सेकंदात स्वतःच्या कनेक्शनवर शंभर. उत्तरं शंभर आली तर अंदाज चुकला. नव्व्याण्णव आली तर एक तुमच्याकडे गेलंय, म्हणजे तुमचं कनेक्शन जिवंत आहे. मग याच युक्तीने सिक्वेन्स नंबर, म्हणजे कनेक्शनमधल्या माहितीचा चालू क्रमांक; तो कळला की खोटं पॅकेट खरं म्हणून खपतं. सगळं मिळून मिनिटभराचं काम. याला खेळ म्हणता?

सांगलीकर:
तो मीच, आणि शब्द मागे घेणार नाही. खोट्या पत्त्याची पॅकेट बाहेर सोडणारं नेटवर्क आधी मिळायला हवं. एचटीटीपीएस (माहिती सांकेतिक करून पाठवणं) असेल तर मध्ये काही घुसडता येत नाही. लिनक्सच्या ४.७ कर्नलमध्ये (गाभ्याच्या त्या आवृत्तीत) मर्यादा हजारावर नेली, वर रँडम केली. विषय संपला. आणि आरएफसी ५९६१ (चॅलेंज-ॲक ज्यात सांगितलेत ते इंटरनेटचं मानक) मनापासून राबवली कुणी? लिनक्सने, २०१२ मध्ये, ३.६ पासून. विंडोज वाचलं कारण त्यांनी ती पूर्ण राबवलीच नव्हती. जो काम करतो त्यालाच बोल लावायचे का?

रात्रपाळी:
घुसडता येत नाही, पण कनेक्शन तोडता येतं ना! आरएफसीने मर्यादा घाला म्हटलं होतं, सगळ्यांचा मिळून एकच गल्ला ठेवा अशी सक्ती नव्हती. आणि 'विषय संपला' कुणाचा? त्या ऑगस्टात मी पुण्यात सपोर्टला होतो. क्लायंट रीबूटला तयार नाही. म्हणून रात्रभर एकेका मशीनवर ती मर्यादा ९९९९९९९९९ करत बसलो. घाईत चालू कर्नलमध्ये बदल केला, सेटिंगच्या फाईलमध्ये लिहायचा राहिला. तीन महिन्यांनी मशीन रीबूट झाली आणि आकडा पुन्हा शंभर. कुणाच्या लक्षातही आलं नाही, मीच सहज बघितलं म्हणून कळलं.

कोथरूडची:
सर्व्हरचं सोडा हो, तिथे निदान रात्री जागणारं कुणीतरी असतं. अँड्रॉइड ४.४ पासूनचे फोनही यात होते. लुकआउट या मोबाइल सुरक्षा कंपनीचा अंदाज १४० कोटी उपकरणांचा होता. माझ्या बाबांचा फोन त्यातलाच. 'सिस्टिम अपडेट' दाबलं की 'तुमचा फोन अद्ययावत आहे', आणि खाली सिक्युरिटी पॅचची तारीख दीड वर्षापूर्वीची! दुकानात गेलो तर म्हणे, नवा घ्या. त्याच फोनवर त्यांचं पेन्शनचं खातं.

सांगलीकर:
इथे फोन कुठून आला? सहा हजारांच्या फोनला जन्मभर पॅच कोण देणार?

कोथरूडची:
जन्मभर कोण मागतंय? विकताना पेटीवर छापा की अपडेट अमुक तारखेपर्यंत. दुधाच्या पिशवीवर छापता, फोनवर का नाही?

वायफळ:
ताईंना शंभर टक्के पाठिंबा. आमच्याकडचा राउटर केबलवाल्याने लावलाय. पासवर्ड त्याच्याकडे, अपडेट विचारलं तर म्हणतो, 'नेट चालतंय ना?'

सांगलीकर:
हे बघा, रडगाणी सुरू झाली. मी कर्नलबद्दल बोलत होतो.

रात्रपाळी:
रडगाणं? दादा, जरा जपून. ज्यांच्या हातात कर्नल बदलणं नाही, त्यांच्या लेखी तुमचं ४.७ अजून आलेलंच नाही. मी म्हणत होतो ते हेच.

सांगलीकर:
ठीक. 'विषय संपला' हे चुकलं, फाईलची गोष्ट वाचून आमच्याही दोन जुन्या मशीन तपासल्या. एकीवर शंभरच आहे. पण 'खेळ' हा शब्द ठेवतोय, खोटी पॅकेट अडवणारं नेटवर्क असेल तर हा हल्ला सुरूच होत नाही.

कोथरूडची:
आणि नसेल तर? बाबांनी कुठलं नेटवर्क घ्यावं तेही सांगा मग.